राजा पळवल्याची बातमी, नाताळगीताच्या चालीवर

१९३६ चा डिसेंबर. वेल्समधलं स्वान्झी शहर. एका शाळेत नाताळच्या सुट्टीआधीचा लहान मुलांचा कार्यक्रम चालला होता. 'हार्क! द हेरल्ड एंजल्स सिंग' या नाताळगीताची चाल सुरू झाली आणि चिमुरडी पोरं एका सुरात भलतंच काहीतरी म्हणू लागली. पहिल्या ओळीतले देवदूत आपापल्या जागी होते. दुसऱ्या ओळीत मात्र येशूजन्माऐवजी कुणी सिम्प्सनबाई अवतरल्या होत्या आणि त्यांनी म्हणे आपला राजा लांबवला होता. पोरांना गप्प करता करता बाईंची पुरेवाट झाली, कारण ही ओळ एका-दोघा वात्रटांपुरती नव्हती. ती वर्गातल्या सगळ्यांना पाठ होती.

शाळकरी वात्रटपणात नवल काही नाही. आरतीपासून प्रतिज्ञेपर्यंत सगळ्याचं विडंबन आपणही शाळेत केलेलं असतं. नवल आहे ते तारखांचं.

राजा आठवा एडवर्ड आणि अमेरिकन वॉलिस सिम्प्सन यांचं प्रकरण अमेरिकेतली वृत्तपत्रं महिनोन्‌महिने चघळत होती. ब्रिटनमध्ये मात्र वृत्तपत्रांच्या मालकांनी आपसांत ठरवून तोंडाला कुलूप लावलं होतं. परदेशातून येणाऱ्या मासिकांची नेमकी ती पानं कापून मगच अंक विक्रीला ठेवले जात. २७ ऑक्टोबरला इप्सविचच्या कोर्टात बाईंच्या घटस्फोटाची सुनावणी झाली, तीही बातमी कोपऱ्यात चार ओळींत उरकली गेली. १ डिसेंबरला ब्रॅडफर्डचे बिशप ब्लंट एका भाषणात राजाच्या धर्माचरणाविषयी जरा स्पष्ट बोलले आणि बांध फुटला. ३ डिसेंबरला सगळ्या पेपरांचे मथळे एकच होते. १० डिसेंबरला राजाने राज्यत्यागाच्या कागदावर सही केली आणि दुसऱ्या दिवशी रेडिओवरून प्रजेचा निरोप घेतला.

म्हणजे कुणीतरी ती ओळ रचली, ती तोंडातोंडी देशभर गेली आणि वेल्समधल्या बालवर्गापर्यंत पोचली, हे सगळं तीनेक आठवड्यांत. त्याच दिवसांत ती लंडनमध्ये, दक्षिण किनाऱ्याजवळच्या चिचेस्टरमध्ये, उत्तरेकडच्या लिव्हरपूल आणि ओल्डहममध्येही मुलांच्या तोंडी होती. चिचेस्टर ते लिव्हरपूल हे अंतर तीनशे किलोमीटरहून अधिक आहे. ती छापण्याची कुणाची हिंमत नव्हती. रेडिओवर तर प्रश्नच नव्हता, आणि गावठी विनोदाला सोकावलेल्या संगीतनाटकगृहांतही ती कुणी म्हटली नसती. मुलांना पत्रं लिहायची नव्हती की फोन करायचे नव्हते. गाणं नुसतं एका पटांगणातून दुसऱ्या पटांगणात उड्या मारत गेलं.

हे आपल्याला कळतं ते आयोना आणि पीटर ओपी या दांपत्यामुळे. कुठल्याही विद्यापीठात नोकरी न करता या दोघांनी ब्रिटनमधल्या मुलांची गाणी, शिव्या, कोडी आणि शपथा गोळा केल्या. त्यांचं 'द लोर अँड लँग्वेज ऑफ स्कूलचिल्ड्रेन' हे पुस्तक १९५९ साली आलं. त्यामागे ७० शाळांतल्या सुमारे ५,००० मुलांनी पुरवलेला ऐवज होता. स्वान्झीची हकिगत त्यातच नोंदलेली आहे. ती ओळ मुळात कुणी रचली, हे ओपींनाही कळलं नाही.

आता त्या ओळीची कारागिरी पाहू. मूळ गीताची दुसरी ओळ 'किंग' या शब्दावर संपते. तो राजा म्हणजे नुकता जन्मलेला येशू. अज्ञात रचनाकाराने पहिली ओळ जशीच्या तशी ठेवली, यमकही ठेवलं आणि शेवटचा 'किंग'ही ठेवला. बदलली ती फक्त त्याआधीची सहा अक्षरं. सहा अक्षरांत नायिका आली, गुन्हा आला आणि बेथलेहेमचा राजा उठून बकिंगहॅम राजवाड्यात गेला. संपादकांना जो अग्रलेख लिहायला दोन कॉलम लागले, तो इथे एका श्वासात आटोपला. शिवाय पाठ करायला काही उरलंच नाही. चाल सगळ्यांना येत होती, पहिली ओळ येत होती, यमक येत होतं. ऐकणाऱ्याला नवीन एवढंच लक्षात ठेवायचं होतं, की राजा कुणी नेला.

माझ्या मते वेगाचं रहस्य इथेच आहे. बातमी पसरायला वेळ लागतो तो ती सांगायला आणि लक्षात ठेवायला. नाताळगीतात ही दोन्ही कामं आधीच झालेली असतात. डिसेंबरात ते गाणं प्रत्येक शाळेत, प्रत्येक चौकात, प्रत्येक चर्चमध्ये वाजत असतं. रिकामी गाडी रुळावर उभी असते, कुणीतरी नुसता माल चढवायचा.

आणि ही विशिष्ट गाडी कुठल्या कारखान्यात बनली, ते कळल्यावर तर मला हसूच आवरेना. गीताचे शब्द चार्ल्स वेस्ली यांचे, १७३९ सालचे. त्यांच्या पहिल्या ओळीत देवदूत नव्हतेच. ते १७५३ साली जॉर्ज व्हाइटफील्ड यांनी आणून बसवले. (वेस्लींना आपल्या गीतांत इतरांनी हात घातलेला खपत नसे. पण सगळं जग आज व्हाइटफील्डचीच ओळ गातं.) आज आपण ऐकतो ती चाल मात्र वेस्लींच्या मृत्यूनंतर जवळपास पन्नास वर्षांनी जन्माला आली. १८४० साली जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये छपाईकलेचा चारशेवा वाढदिवस साजरा झाला. त्या उत्सवासाठी फेलिक्स मेंडेल्सोनने पुरुषांचा वृंद आणि पितळी वाद्यं यांच्यासाठी एक संगीतरचना केली, गुटेनबर्गच्या गौरवाची. पुढे तिला इंग्रजी शब्द हवेत असं निघालं, तेव्हा मेंडेल्सोनने प्रकाशकाला लिहून कळवलं, की ही चाल शिपाईगड्यांना आणि आनंदी समूहगीताला शोभेल, भक्तिगीताला मात्र ती कधीच चालायची नाही. १८४७ साली तो वारला. १८५५ साली विल्यम कमिंग्ज या तरुण ऑर्गनवादकाने तीच चाल वेस्लीच्या शब्दांना लावली. लहानपणी मेंडेल्सोनच्या हाताखाली तो वृंदात गायलेला होता, त्यामुळे श्रद्धा होती, फक्त गुरूचं मत त्याच्या कानावर गेलं नव्हतं.

म्हणजे छापखान्याचे गोडवे गाण्यासाठी रचलेली चाल, आणि १९३६ साली तिच्यावर स्वार होऊन गेली ती नेमकी छापखान्यांनी दडवलेली बातमी! आणि चाल धमाल गाण्यालाच शोभेल हा मेंडेल्सोनचा अंदाज खरा ठरवला तो स्वान्झीच्या बालवर्गाने.

शब्द आणि चाल यांची अशी अदलाबदल इंग्रजी स्तोत्रांत इतक्या सहज होते, त्यामागे एक साधी यंत्रणा आहे. त्यांच्या स्तोत्रपुस्तकांत गीताच्या माथ्यावर आकडे छापलेले असतात, उदाहरणार्थ ८.६.८.६. प्रत्येक ओळीत उच्चाराचे किती तुकडे, त्याचा हा हिशेब. ज्या दोन गीतांचे आकडे जुळले, त्यांच्या चाली एकमेकांना चालतात. पत्रिका जुळवण्यापेक्षा हे काम पुष्कळ सोपं आहे आणि निकाल ताबडतोब लागतो.

या सोयीतून काय काय निपजलं, त्याचा माझा आवडता नमुना यॉर्कशायरमधला आहे. मेंढपाळ रात्री कळप राखत बसले होते, या १७०० सालच्या नाताळगीताला पुढे अनेक चाली लागल्या. त्यांतली एक कँटरबरीच्या थॉमस क्लार्क या चांभाराने रचलेली, 'क्रॅनब्रुक' नावाची, १८०५ साली छापलेली. काही दशकांनी यॉर्कशायरच्या लोकांनी तिच्यावर एक टवाळ गाणं बसवलं. एक प्रेमवीर टोपी न घालता इल्कलीच्या माळावर प्रेयसीला भेटायला जातो. आता याला सर्दी होणार, हा मरणार, याला पुरणार, किडे याला खाणार, किड्यांना बदकं खाणार आणि बदकांना आपण खाणार, असा त्या गाण्याचा युक्तिवाद आहे. 'ऑन इल्कला मूर बाट् 'ॲट' हे त्याचं नाव. गाणं इतकं गाजलं, की आज कुणी मेंढपाळांचं मूळ गीत या चालीवर म्हटलं, की लोकांना तेच विडंबन वाटतं. शाळकरी मुलांच्या आवृत्तीत तर ते मेंढपाळ कळप सोडून पायमोजे धूत बसतात. शेफील्डच्या आसपासच्या गावांत नोव्हेंबरच्या मध्यापासून पबमध्ये जुनी नाताळगीतं गायची प्रथा आहे. तिथे बियरचे ग्लास हातात घेऊन हीच मेंढपाळांची कथा निरनिराळ्या चालींवर रंगते.

दुसऱ्याच्या चालीत आपली गोष्ट भरायची ही युक्ती एका इंग्रजाने आपल्याकडेही वापरली होती. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले, इथली भाषा शिकले आणि १६१६ साली राचोलच्या छापखान्यातून त्यांनी 'ख्रिस्तपुराण' काढलं. सुमारे अकरा हजार ओव्या, मराठीत. येशूचा जन्म त्यात ओवीच्या लयीत येतो, कारण ओवी ऐकणाऱ्यांच्या कानात आधीच होती. हसवणं हा स्टीफन्सचा हेतू नव्हता. ते काम गोव्याच्या आणि मुंबईच्या कोंकणी ख्रिस्ती मंडळींनी पुढे तियात्रावर सोपवलं. १८९२ साली मुंबईत सुरू झालेल्या या नाट्यप्रकारात नाटकाच्या दोन प्रवेशांमध्ये गायक पडद्यापुढे येतो आणि कथानकाशी काडीचाही संबंध नसलेलं 'कांतार' म्हणतो. त्यातलं राजकीय कांतार म्हणजे गाऊन दाखवलेला ताजा पेपर. मंत्री, पूल, खाण, घोटाळा, सगळं त्यात येतं आणि प्रेक्षक 'वन्स मोअर' देतात.

नाताळ आणि ताजी बातमी यांची इंग्लंडमधली गाठ मात्र स्वान्झीच्या बालवर्गाहून कितीतरी जुनी आहे. ती पडली तेव्हा नाताळ हीच मुळात बातमी होती.

१६४० च्या दशकात इंग्लंडमध्ये राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध पेटलं होतं. पार्लमेंटच्या बाजूला कडक प्युरिटन मंडळी होती. नाताळला बायबलात आधार नाही आणि त्या दिवशी लोक देवापेक्षा दारूचीच जास्त आठवण काढतात, असं त्यांचं म्हणणं. (दुसऱ्या मुद्द्यात तथ्य होतं.) १६४५ साली उपासनेची नवी नियमावली आली आणि तिच्यातून सण गळाले. १६४७ च्या जूनमध्ये नाताळ, ईस्टर आणि बाकीचे सण कायद्यानेच रद्द झाले. त्या वर्षी २५ डिसेंबरला कँटरबरीच्या महापौराने दुकानं उघडी ठेवण्याचा हुकूम सोडला. लोकांनी दुकानदारांचा माल रस्त्यावर उधळला, भर रस्त्यात फुटबॉल सुरू केला, दारांना सणाच्या हिरव्या डहाळ्या लावल्या आणि महापौरांना चोप दिला. इतिहासात या प्रकाराला 'प्लम पुडिंग दंगल' असं खमंग नाव आहे.

या दंगलीच्या आधीच, १६४६ च्या वसंतात लंडनच्या रस्त्यांवर एक गाणं विकायला आलं होतं, 'द वर्ल्ड टर्न्ड अपसाइड डाउन'. एका बाजूला छापलेला एकच कागद, किंमत एखादा पेनी. असे कागद विकणारा स्वतः ते गाऊन दाखवायचा, आणि ज्याला वाचता येत नसे त्यालाही बातमी कळायची. गाण्याचा सूर तिरकस होता. जग उलटंपालटं झालं आहे, जुन्या चालीरीती हद्दपार झाल्या आहेत, स्वयंपाकघरं थंड पडली आहेत, आणि आदल्या वर्षी नेझबीच्या रणात राजाच्या सैन्याबरोबर नाताळही धारातीर्थी पडला, असा एकूण रोख. म्हणजे सणाच्या मृत्यूची बातमी युद्धवार्तेच्या थाटात!

या कागदावर स्वरलिपी नव्हती. तशी ती कधीच नसायची. माथ्यावर फक्त अमुक गाण्याच्या चालीवर, एवढं छापलेलं असायचं. इथे चाल दिली होती 'व्हेन द किंग एन्जॉइज हिज ओन अगेन'ची, म्हणजे राजाला त्याचं राज्य परत मिळेल असा दिलासा देणाऱ्या, राजाच्या पक्षातल्या लोकप्रिय गाण्याची. मला हा भाग फार हुशारीचा वाटतो. छापलेल्या शब्दांत नाताळाबद्दल कुरकुर होती. खाली वाजणाऱ्या चालीत मात्र राजाचा जयजयकार होता आणि तो ऐकणाऱ्याच्या डोक्यात आपोआप चालू व्हायचा. न म्हटलेल्या शब्दांबद्दल कुणाला कोतवालीत कसं नेणार? विडंबनात नेहमी दोन गाणी एकाच वेळी वाजत असतात, एक तोंडातलं आणि एक आठवणीतलं. आपल्याकडे अत्र्यांची 'झेंडूची फुले' ज्याने मूळ कवितांशेजारी ठेवून वाचली असतील, त्याला हे वेगळं सांगायला नको.

हा कागद आज शाबूत आहे तो जॉर्ज थॉमसन या पुस्तकविक्रेत्याच्या चिकाटीमुळे. १६४० पासून वीस वर्षं त्याने लंडनमध्ये छापलेलं जे हाताला लागेल ते जमवलं आणि बहुतेक प्रत्येक कागदावर हाती पडल्याची तारीख लिहून ठेवली. सुमारे बावीस हजार पुस्तकं, चोपडी आणि चिटोरी. ती आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत. नाताळच्या या गाण्यावर त्याच्या हातची तारीख आहे ८ एप्रिल १६४६. नाताळचं गाणं एप्रिलात का, असा प्रश्न पडेल, पण ते सणासाठी लिहिलेलं नव्हतंच. ते त्या आठवड्याच्या राजकारणासाठी होतं. पुढच्याच महिन्यात राजा चार्ल्स स्कॉटिश सैन्याच्या स्वाधीन झाला.

विसाव्या शतकात रेकॉर्ड आली, रेडिओ आला, टीव्ही आला, आणि पोरांचं पटांगण पृथ्वीबाहेर पोचलं. हे अक्षरशः घडलं. १५ डिसेंबर १९६५ ला अमेरिकेच्या जेमिनी ६ आणि जेमिनी ७ या दोन यानांनी अवकाशात एकमेकांच्या फूटभर अंतरापर्यंत जाऊन दाखवलं. चंद्रावर जाण्यासाठी ही कसरत जमणं अत्यावश्यक होतं, त्यामुळे जगभरच्या पेपरांत तीच बातमी होती. दुसऱ्या दिवशी परतीची तयारी चालू असताना जेमिनी ६ मधल्या टॉम स्टॅफर्डने गंभीर आवाजात खाली कळवलं, की उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणारं काहीतरी दिसतंय, उपग्रहासारखं, बहुधा ध्रुवीय कक्षेतलं. नियंत्रणकक्षात क्षणभर काळजाचे ठोके चुकले असतील. आणि मग अवकाशातून ऐकू आली बाजाची पेटी आणि घुंगरं. त्याचा यानातला सोबती वॉली शिरा तोंडाने वाजवायची चिमुकली पेटी वाजवत होता, स्टॅफर्ड घुंगरं, आणि चाल होती 'जिंगल बेल्स'ची. उत्तर ध्रुवाकडून येणारं ते यान कुणाचं, हे मग सांगावं लागलं नाही. अवकाशात वाजवलेलं हे पहिलं वाद्यसंगीत. दोघांनी लपवून नेलेली ती पेटी आणि ती घुंगरं आज स्मिथसोनियनच्या संग्रहालयात ठेवलेली आहेत. गंमत म्हणजे जेम्स पिअरपाँटच्या १८५७ च्या त्या गाण्यात नाताळचा उल्लेखच नाही. ते बर्फावरच्या घोडागाडीच्या शर्यतीचं, पोरीबाळींना फिरवण्याचं, गाडी उलटण्याचं गाणं आहे. नाताळने ते दत्तक घेतलं.

आता उलटा प्रयोग. नाताळगीताचा एकही शब्द बदलायचा नाही, चालही नाही, आणि तरी दिवसाची बातमी त्यात आणायची, तर? सायमन आणि गार्फंकल यांनी १९६६ साली हे केलं. '७ ओ'क्लॉक न्यूज / सायलेंट नाइट' या दोनेक मिनिटांच्या गाण्यात ते दोघे १८१८ सालचं ऑस्ट्रियातलं ते शांत गीत अगदी सरळ गातात. त्याखाली चार्ली ओ'डॉनेल या निवेदकाचा आवाज संध्याकाळच्या बातम्या वाचतो, आधी जेमतेम ऐकू येणारा, मग हळूहळू चढत जाणारा. नागरी हक्कांच्या विधेयकावरची ओढाताण, मार्टिन ल्यूथर किंग यांचा सिसेरोतला नियोजित मोर्चा, परिचारिकांच्या हत्याकांडातला आरोपी, व्हिएतनाम युद्धाला होणारा विरोध. त्या बातम्यांत लेनी ब्रूस या विनोदी कलावंताचा मृत्यूही आहे. तो ३ ऑगस्ट १९६६ ला गेला. हे गाणं हसवत नाही. पण यंत्रणा तीच आहे. दोन गाणी एकदम वाजतात, फक्त इथे दुसऱ्या गाण्याची जागा बातमीपत्राने घेतली आहे. मला ते थोडं शिकवणीसारखं वाटतं, हे कबूल करतो. सहा अक्षरांत काम उरकणाऱ्या पोरांपुढे दोन मिनिटं जास्तच आहेत.

ब्रिटनमध्ये मात्र हसणाऱ्यांचीच सरशी राहिली. तिथे नाताळच्या आठवड्यात विक्रीत पहिलं कोणतं गाणं येतं, यावर पैजा लागतात आणि निकाल बातम्यांत सांगितला जातो. १९७३ साली कोळसा खाणकामगारांचं आंदोलन आणि तेलटंचाई यांनी देश गारठला होता. १३ डिसेंबरला पंतप्रधान हीथ यांनी जाहीर केलं, की नव्या वर्षापासून कारखान्यांना आठवड्यातून तीनच दिवस वीज मिळेल. टीव्हीही रात्री साडेदहाला बंद होऊ लागला. त्याच आठवड्यात यादीच्या शिखरावर जाऊन बसलं स्लेड या बँडचं 'मेरी एक्समस एव्हरीबडी', नाचणाऱ्या आजीचं धांगडधिंगा गाणं. २०१८ ते २०२२ अशी सलग पाच वर्षं हा मान 'लॅडबेबी' या यूट्यूबवरच्या नवरा-बायकोने मिळवला. गाजलेल्या गाण्यांत सॉसेज रोल घालायचा, हेच त्यांचं मुख्य भांडवल. ऐकून हसू येतं, पण पैसे जात होते गरिबांना मोफत शिधा देणाऱ्या ट्रसेल ट्रस्टला, आणि शिधाकेंद्रांपुढच्या रांगा हीच त्या वर्षांतली मोठी बातमी होती. २०२० आणि २०२१ साली त्याच नाताळच्या यादीत पाचव्या क्रमांकावर होतं तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्यावरचं एकेक गाणं. त्यांची शीर्षकं इथे छापण्याजोगी नाहीत. १९३६ चे संपादकही तेच म्हणाले असते.

सगळ्यात मोठं आश्चर्य मात्र मी शेवटासाठी ठेवलं आहे, कारण त्यात गमतीचं गाणं स्वतःच बातमी होऊन बसतं.

'द ट्वेल्व्ह डेज ऑफ ख्रिसमस' हे इंग्रजी गाणं सुमारे १७८० साली 'मर्थ विदाउट मिस्चिफ' या मुलांच्या पुस्तकात छापलं गेलं. तो स्मरणशक्तीचा खेळ होता. प्रेमी पहिल्या दिवशी एक भेट पाठवतो, झाडावर बसलेला तितर. दुसऱ्या दिवशी दोन नव्या भेटी आणि पुन्हा तितर. असं बारा दिवस. प्रत्येकाने मागची सगळी यादी न चुकता म्हणायची, चुकला त्याला दंड. बाराव्या दिवसापर्यंत घरात हंस, सोन्याच्या अंगठ्या, गाई दोहणाऱ्या पोरी, उड्या मारणारे सरदार आणि ढोलवाले यांची जत्रा भरते. सगळ्या दिवसांच्या मिळून भेटी किती? हा हिशेब आर्यभटाने इ. स. ४९९ च्या 'आर्यभटीया'त एका श्लोकात सोडवून ठेवला आहे, चितिघन या नावाने. संख्या, तिच्यापुढची आणि त्याच्याही पुढची, तिघींचा गुणाकार करायचा आणि सहाने भागायचं. बारा गुणिले तेरा गुणिले चौदा, भागिले सहा. उत्तर ३६४.

१९८४ पासून अमेरिकेतली पीएनसी ही बँक दरवर्षी या भेटींचा बाजारभाव काढते. तितर एका ठिकाणाहून, अंगठ्या सराफाकडून, नर्तकींचं मानधन नृत्यसंस्थेकडून. सुरुवात ग्राहकांना सणाची गंमत म्हणून झाली. आता तो आकडा वर्तमानपत्रांच्या अर्थविषयक पानांवर येतो आणि शाळांत महागाई शिकवायला वापरतात. हंसांचा भाव फार वरखाली होतो, म्हणून अर्थतज्ज्ञ अन्न आणि इंधन वगळून महागाई मोजतात तसा इथे हंस वगळून वेगळा निर्देशांकही काढला जातो. २०१९ साली बारा प्रकारच्या भेटींचा एक संच सुमारे ३९ हजार डॉलरला पडत होता. २०२० साली तो एकदम १६ हजारांवर कोसळला. स्वस्ताई आली नव्हती. कोविडमुळे कार्यक्रम बंद होते, त्यामुळे नर्तकी, उड्या मारणारे सरदार, बासरीवाले आणि ढोलवाले कुठल्याच किमतीला मिळत नव्हते. साथीने कलावंतांच्या पोटावर किती पाय दिला, हे इतक्या नेमकेपणाने मी दुसऱ्या कुठल्या आकड्यात पाहिलेलं नाही. २०२४ साली संचाची किंमत ४९ हजार डॉलरच्या वर गेली.

पण या यादीतली एक ओळ वर्षानुवर्षं हललेली नाही. गाई दोहणाऱ्या आठ पोरींना अकुशल कामगार धरून बँक त्यांचा एका तासाचा खर्च किमान वेतनाने मोजते. अमेरिकेचं केंद्रीय किमान वेतन तासाला सव्वासात डॉलर आहे आणि ते जुलै २००९ नंतर वाढलेलं नाही. तितर महागला, अंगठ्या महागल्या, सरदारांच्या उड्याही महागल्या. गाई दोहणाऱ्या आठजणींचा भाव २००९ साली ५८ डॉलर होता, २०२४ सालीही ५८ डॉलरच होता.